हिरवी रांग

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषय दिला होता ‘शाळा आणि खेळ’. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या विषयावर मी बोललो तर आरतीला उशीर होईल आणि मोदक गार होतील. म्हणून मी एकच शाळा निवडली आहे. ती शाळा ना वडोदऱ्यात आहे, ना पुण्यात. ती आहे अमेरिकेत, शिकागोच्या एका उपनगरात. मी व्यायामशिक्षक म्हणून तेहतीस वर्षं नोकरी केली, आणि त्या तेहतीस वर्षांत जी गोष्ट मला कळायला हवी होती, ती निवृत्त झाल्यावर, लेकीकडे गेलो असताना, सातासमुद्रापलीकडे कळली. ती सांगावी म्हणून आज उभा आहे.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की डोळ्यांपुढे टाय लावलेली मुलं आणि भरमसाट फी येते. अमेरिकेत अगदी उलटं आहे. तिथली पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. त्या भागात घर असेल त्याचं मूल तिथे जातं, फी नाही, आणि शाळेचा बराचसा खर्च त्या भागातल्या लोकांच्या घरपट्टीतून निघतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. सयाजीराव महाराजांनी 1906 साली सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा कल्पना हीच होती की शाळेचं दार पोराची ऐपत बघून उघडायचं नाही.

तर ही शाळा. नाव यॉर्क कम्युनिटी हायस्कूल, गाव एल्महर्स्ट. शिकागोच्या मध्यापासून पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटर, लोकल गाडीच्या मार्गावरचं. माणसं सकाळी गाडीने शिकागोत कामाला जातात, संध्याकाळी परत येतात. झाडी, लहान बंगले, हिरवळ. शाळेत नववी ते बारावीची अडीच हजारांहून अधिक मुलं-मुली. बाहेरून बघितलं तर तिथल्या इतर शाळांसारखीच एक शाळा. पण या शाळेने एका खेळात जे करून दाखवलं, त्याला अमेरिकेत तोड नाही म्हटलं तरी चालेल.

तो खेळ म्हणजे क्रॉसकंट्री. इथे बसलेल्यांपैकी काही जण शाळेत असताना धावले असतील, पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही धाव ट्रॅकवर नसते. गवतातून, चढउतारांवरून, झाडांमधून, पाऊस झाला असेल तर चिखलातून धावायचं. इलिनॉय राज्यात शाळेच्या मुलांची शर्यत तीन मैलांची, म्हणजे पावणेपाच किलोमीटरच्या किंचित वर. हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला राज्याची अंतिम स्पर्धा होते. ती होते पिओरिया नावाच्या शहरात, डेटवायलर पार्क म्हणून एक मोठं मैदान आहे तिथे. शिकागोपासून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. थंडी सुरू झालेली असते, आणि हजारो माणसं दोरीच्या मागे उभी राहून ओरडत असतात.

आता या खेळाची खरी गंमत ऐका, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. शर्यतीत प्रत्येक शाळेचे सात जण धावतात. त्यातल्या पहिल्या पाचांचे क्रमांक घेऊन त्यांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो संघ जिंकला. समजा एका शाळेचे दोन पोरगे विजेसारखे आहेत. ते पहिला आणि दुसरा आले. पण त्यांचे बाकीचे तिघे चाळिसावा, पंचावन्नावा आणि साठावा. बेरीज झाली एकशे अठ्ठावन्न. दुसऱ्या शाळेत एकही चमकता तारा नाही. त्यांची मुलं आली बारावा, चौदावा, सतरावा, एकोणिसावा, एकविसावा. बेरीज त्र्याऐंशी. ही दुसरी शाळा जिंकली, आणि चांगली जिंकली. पहिल्या दोघांच्या गळ्यात पदकं पडतील, पण ढाल दुसऱ्या शाळेच्या हातात.

म्हणजे या खेळात तुमचा सगळ्यात चांगला मुलगा तुम्हाला जिंकून देत नाही. तुमचा पाचवा मुलगा जिंकून देतो. आणि सहावा-सातवा? त्यांचे क्रमांक बेरजेत धरत नाहीत, पण ते दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या पुढे आले की त्याचा क्रमांक मागे जातो, त्यांची बेरीज फुगते. बेरजेत नसूनही कामाला येतात. आपल्या घरांतूनही अशी माणसं असतात, पण तो विषय आज नको.

यॉर्कच्या मुलांच्या संघाने ही राज्य अजिंक्यपदं किती मिळवली? एका प्रशिक्षकाच्या कारकिर्दीत अठ्ठावीस. पहिलं 1962 साली. त्यांचं नाव जो न्यूटन. 1956 साली ते या शाळेत शिक्षक म्हणून आले, 1960 साली क्रॉसकंट्रीचा संघ हाती घेतला, आणि 2016 पर्यंत सोडला नाही. तेव्हा त्यांचं वय होतं सत्त्याऐंशी. म्हणजे ज्यांना त्यांनी सुरुवातीला शिकवलं, त्यांचे नातू त्यांच्या हाताखालून जाण्याइतका काळ. 2017 च्या डिसेंबरमध्ये ते गेले.

आता मान-सन्मान म्हणाल तर झटकन सांगतो, कारण त्यांचा मला तितकासा मोह नाही. 1988 च्या सोल ऑलिंपिकला अमेरिकेच्या अॅथलेटिक्स पथकात त्यांच्याकडे मॅरेथॉनच्या धावपटूंची जबाबदारी होती. शाळेतल्या मास्तरला असा मान मिळणं ही तिकडेसुद्धा दुर्मिळ गोष्ट. आणि 1984 साली इंग्लंडचा सेबॅस्टियन को, लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या आधी, शिकागोच्या बाजूला सरावाला येऊन राहिला होता, तो यांच्या शाळेच्या मैदानावर धावायचा. नंतर लॉस एंजेलिसला त्याने पंधराशे मीटरचं सुवर्णपदक लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकलं. 2004 मध्ये अमेरिकेत शाळांच्या संघांसाठी नायकी कंपनीची देशपातळीवरची स्पर्धा पहिल्यांदा भरली, तीही मुलांच्या गटात यॉर्कनेच जिंकली.

मला हे सगळं कसं कळलं? माझा नातू तिकडच्या दुसऱ्या एका शाळेत धावतो. धावतो म्हणजे काय, मन लावून धावतो. मी पहिल्यांदा त्याची शर्यत बघायला गेलो, तेव्हा व्यायामशिक्षकाच्या सवयीने घड्याळ हातात घेऊन उभा राहिलो. पहिले शंभर गेले, दीडशे गेले, नातू काही येईना. मला वाटलं, पाय मुरगळला. तेवढ्यात आला, दोनशेच्या पुढे कुठेतरी. चेहरा लालबुंद, आणि हसतोय! मी लेकीला विचारलं, ‘अगं, याला संघात घेतलं कसं?’ ती म्हणाली, ‘बाबा, क्रॉसकंट्रीत कोणाला काढत नाहीत.’

त्या शर्यतीत एक शाळा होती, हिरव्या गणवेशातली. त्यांची मुलं संपता संपेनात. एकामागून एक, हिरवी, हिरवी, हिरवी. जावईबापू म्हणाले, ‘हे यॉर्क. यांना लाँग ग्रीन लाइन म्हणतात.’ म्हणजे लांबच लांब हिरवी रांग. घरी आल्यावर त्यांनी मला याच नावाची फिल्म दाखवली. 2005 चा हंगाम चित्रित केलाय, पंचविसाव्या अजिंक्यपदासाठी चाललेली धडपड. ती मी त्या मुक्कामात तीनदा बघितली. हिला वाटलं, मला तिकडे करमत नाहीये म्हणून एकच फिल्म लावून बसतोय.

त्या फिल्ममध्ये काय आहे? अमेरिकेतल्या शाळांत बऱ्याच खेळांना निवड असते. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल. हंगामाच्या सुरुवातीला चाचणी होते, मग यादी लागते, नाव नसेल तर घरी जा. आपल्यासारखंच. क्रॉसकंट्रीत मात्र पुष्कळ शाळा कोणाला परत पाठवत नाहीत. पण न्यूटन तेवढ्यावर थांबले नाहीत, ते मुलांना बोलवायला जात. कोणीही या. जाडा या, लुकडा या, कधी न धावलेला या. राज्याच्या अंतिम फेरीत धावणार सात जण, पण मैदानावर मुलं दीडशे-दोनशे! त्या फिल्ममध्ये सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा आहे. त्याच्या पायांचं आणि मेंदूचं नीट जुळत नाही. तो मुलगा त्या संघात आहे, त्याच्या अंगात तोच हिरवा बनियन आहे, आणि तो धावतो. दया म्हणून कडेला बसवलेला नाही. त्याची वेळ घेतात, आणि मागच्या वेळेपेक्षा कमी आली का ते बघतात.

आता माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला. दोनशे मुलं एक माणूस सांभाळणार कशी? मला माझी पन्नास सांभाळता सांभाळता शिट्टीत दम राहायचा नाही. त्याचं उत्तर असं की तिथल्या शर्यतीच एकापेक्षा जास्त असतात. नववीच्या मुलांची वेगळी, दहावीच्या मुलांची वेगळी, पहिल्या सातात न बसणाऱ्यांची वेगळी. म्हणून दोनशेतल्या प्रत्येकाला दर आठवड्या-पंधरवड्याला नंबर लावून, खऱ्या शर्यतीत, खरी वेळ मिळते. सराव म्हणजे नुसतं दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवणं नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी बघून मी खुर्चीत सरसावून बसलो. सराव संपला की न्यूटन उभे राहायचे आणि प्रत्येक मुलगा त्यांच्यासमोरून जायचा. दोनशे असतील तर दोनशे. प्रत्येकाशी हस्तांदोलन, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून, प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक. पुष्कळांना त्यांनी टोपणनावं दिलेली, ती पाठ. रोज. पहिल्या क्रमांकाच्या मुलालाही आणि दोनशेव्यालाही. दिवसातून एकदा तरी प्रत्येक पोराला कळलं पाहिजे की तू आलास हे मी बघितलं.

यात भाबडेपणा होता असं समजू नका. म्हातारा कडक होता. सकाळी शाळेच्या आधी धावायला बोलवायचा. दांडी खपवून घ्यायचा नाही. आणि दोनशेंना ठेवण्यामागे शुद्ध व्यवहारही होता. आपल्या जातीच्या शिक्षकाला तो चटकन कळेल. तेरा-चौदाव्या वर्षी मुलगे सारखे वाढलेले नसतात. कोणाला मिसरूड फुटलेलं असतं, कोणाचा आवाजही फुटलेला नसतो. त्या वयात तुम्ही निवड केलीत तर तुम्ही चांगले धावपटू निवडत नाही, लवकर वाढलेली मुलं निवडता. जो नववीत दीडशेवा असतो, तो अकरावी-बारावीत पाचवा होऊ शकतो, पण त्यासाठी तो अकरावीपर्यंत मैदानावर असायला हवा. आणि मी मघाशी सांगितलं, ढाल जिंकून देतो तो पाचवा. अठ्ठावीस ढाली काही अठ्ठावीस वेळा दैवी प्रतिभेची मुलं जन्माला आली म्हणून मिळाल्या नाहीत. त्या दोनशेंतून वर आलेल्या पाचव्यांनी मिळवल्या.

हे सांगताना एक गोष्ट मी लपवणार नाही. एल्महर्स्ट सुखवस्तू लोकांचं उपनगर आहे. घरपट्टीवर शाळा चालते म्हणजे जिथे घरं महाग तिथल्या शाळेला पैसा जास्त, आणि शिकागोच्याच गरीब वस्तीतल्या शाळेची परवड असते. ते न्याय्य नाही, आणि तिकडची माणसंही त्यावर भांडतात. पण क्रॉसकंट्रीला लागतं काय? बूट, मैदान, आणि रोज येणारा एक मास्तर. मी इतकी वर्षं साधनं नाहीत, साधनं नाहीत म्हणून अर्ज करत आलो. ते अर्ज खोटे नव्हते. पण हस्तांदोलनाला कुठलंच साधन लागत नाही.

आता मी माझ्याकडे येतो. ही गोष्ट मी आजवर घरी सोडून कुठे बोललेलो नाही.

1989 सालची गोष्ट. शाळेचं नाव घेत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. पावसाळा संपत आला होता, आंतरशालेय क्रॉसकंट्री जवळ आली होती. मी प्रार्थनेनंतर घोषणा केली. संध्याकाळी चाळीस मुलं मैदानावर आली. मला फार आनंद झाला, आणि दुसऱ्या मिनिटाला वाटलं, एवढ्यांचं करू काय? मी त्यांना मैदानाच्या सहा फेऱ्या मारायला लावल्या आणि पहिले सहा ठेवले. बाकीच्यांना सांगितलं, ‘जा घरी, अभ्यास करा.’ चौतीस मुलं गेली. पाच मिनिटांचं काम.

त्यातला एक गेला नाही. दुसऱ्या दिवशी आला आणि कंपाउंडच्या भिंतीवर बसला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बारीक अंगाचा, पायात स्लीपर. माझे सहा धावायचे, तो बघायचा. कधीकधी मी पाठ फिरवली की भिंतीच्या पलीकडच्या बाजूने त्यांच्याबरोबर पळायचा. स्लीपरचा आवाज यायचा मला. असं दोन-तीन आठवडे चाललं. एक दिवस मीच ओरडलो, ‘इथे गर्दी करू नकोस. तुझं काही काम आहे का इथे?’ त्याने मान हलवली आणि उतरून गेला. मग आला नाही.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात आपल्याकडे मलेरियाची साथ होती. माझे सहापैकी दोघे तापाने पडले. स्पर्धेच्या दिवशी सकाळी बसस्टँडवर तिसऱ्याचे वडील आले, म्हणाले, ‘सर, याच्या अंगातही रात्रीपासून कणकण आहे.’ मी त्याला परत पाठवलं. उरले तिघे. संघाचे गुण धरायला लागतात तेवढे गडीच माझ्याकडे नाहीत. बस सुटायला पंधरा-वीस मिनिटं होती. तेव्हा मला तो भिंतीवरचा मुलगा आठवला. मंडळी, मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. कुठल्या वर्गातला, ते ठाऊक नव्हतं. दांडिया बाजारात राहतो की रावपुऱ्यात, काही पत्ता नाही. चाळीस मुलांपैकी मी फक्त सहा नावं वहीत उतरवली होती. मी ज्या तिघांना विचारलं त्यांनाही सांगता येईना. त्यांच्या लेखीही तो ‘भिंतीवर बसायचा तो’ एवढाच होता. आम्ही तिघे घेऊन गेलो, तिघे धावले, त्यांना सहभागाची प्रमाणपत्रं मिळाली, आणि संघांच्या यादीत आमच्या शाळेचं नाव लागलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं मनाला काय लावून घ्यायचं, एका शर्यतीचं? शर्यतीचं मलाही काही वाटत नाही. पण ती फिल्म बघताना, दोनशे मुलांच्या रांगेत तो म्हातारा एकेकाचं नाव घेत होता तेव्हा, मी मनातल्या मनात माझ्या चौतिसांची नावं आठवायला लागलो. एकही आठवेना. चौतीस मुलांनी माझ्यासमोर सहा फेऱ्या मारल्या होत्या. ती आता पन्नाशीची झाली असतील. कदाचित एखादा या सभागृहातही असेल. असेल तर त्याने कार्यक्रमानंतर येऊन मला नाव सांगावं.

विशेष म्हणजे मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी लहानपणी आखाड्यात जायचो. आपल्या वडोदऱ्याला प्राध्यापक माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची केवढी परंपरा आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको. आखाड्यात चाचणी नसते. लंगोट लावला, लाल मातीला नमस्कार केला, की तू आतला. हडकुळा असलास तर जोर-बैठका मारशील, मल्लखांबावरून चार वेळा घसरशील, पण कोणी म्हणत नाही की पहिल्या सहांत नाहीस, घरी जा. वस्ताद प्रत्येकाला नावाने किंवा बापाच्या नावाने ओळखायचे, आणि पाठीत धपाटाही नावानिशी घालायचे. त्या मातीत वाढलेला मी, हातात शिट्टी आणि डिप्लोमा आला आणि निवड करणारा झालो. वरून परिपत्रक यायचं, ‘संघ पाठवा’. बाकीच्यांचं काय करायचं, यावर परिपत्रक कधी आलं नाही. आणि मीही कधी विचारलं नाही.

आता थोडं आपल्या मंडळाचं. गेली अकरा वर्षं गणेशोत्सवातल्या मुलांच्या धावण्याच्या शर्यती मीच घेतो. तुम्ही बघितलंच आहे. प्राथमिक फेरीत प्रत्येक तुकडीतले दोन घ्यायचे, मग अंतिम फेरी, मग पहिल्या तिघांना बक्षिसं. नऊ वाजता सगळं आटोपतं, कारण नंतर रांगोळी स्पर्धा असते. प्राथमिक फेरीत हरलेली मुलं नऊपर्यंत काय करतात? आइस्क्रीमच्या गाडीपाशी उभी असतात. आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. मी जुन्या याद्या काढून बघितल्या, तर दरवर्षी तीच ती दहा-बारा घरांतली मुलं बक्षिसं नेतात, आणि नोंदणी कमी होत चालली आहे. आपण म्हणतो, मुलं मोबाइलमध्ये अडकली. काही अडकली असतील. काहींना आपणच पहिल्या मिनिटाला बाद केलं.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक मागणी ठेवली आणि ती मान्य झाली, त्याबद्दल त्यांचे आभार. यंदा रविवारी सकाळी प्राथमिक फेरी नाही. सोसायट्या, पोळी आणि वाडे, ज्याला जसं जमेल तसे संघ करायचे. एका संघात कितीही मुलं, मुलगे-मुली एकत्र, वय नऊ ते पंधरा. दोन गट, लहान आणि मोठे. सगळे एकदम धावणार आणि सगळे शेवटपर्यंत धावणार. पहिल्या पाचांची बेरीज धरायची. ढाल संघाला. जो शेवटचा येईल तो येईपर्यंत शेवटची दोरी सोडायची नाही, मग रांगोळीवाल्या भगिनींनी थोडं थांबावं, ही माझी हात जोडून विनंती.

आणि दोरीच्या पलीकडे मी उभा असेन. माझं वय चौऱ्याहत्तर, नावं आता राहत नाहीत, म्हणून हातात वही असेल. प्रत्येकाने माझा हात धरायचा आणि नाव सांगायचं. घाम पुसून आलं पाहिजे असं काही नाही.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो. विचारतात, ‘त्या शाळेतल्या मुलींचं काय?’ चांगला प्रश्न आहे. न्यूटन यांचा संघ मुलग्यांचा. अमेरिकेत 1972 साली एक कायदा झाला, टायटल नाइन म्हणतात त्याला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, खेळातही नाही. त्याच्या आधी मुलींना शाळेत धावायला संघच नसायचे फारसे. इलिनॉयमध्ये मुलींची क्रॉसकंट्रीची राज्यस्पर्धा सुरू झाली 1979 साली, म्हणजे न्यूटन पहिली ढाल घेऊन आले त्यानंतर सतरा वर्षांनी. यॉर्कमध्ये आता मुलींचाही संघ आहे. आणि ताई, खरं सांगायचं तर 1989 च्या माझ्या घोषणेनंतर मैदानावर चाळीस मुलं आली असं मी म्हणालो, ती चाळीसही मुलगेच होते. मुलींना मी बोलावलंच नव्हतं. म्हणजे चौतिसांच्या पलीकडेही एक यादी आहे, ती मी आत्ता, तुमची चिठ्ठी वाचताना पहिल्यांदा मोजतोय.

रविवारी सकाळी साडेसहाला. बूट नसतील तर अनवाणी चालेल, गवत आहे, पण स्लीपर घालून येऊ नका, घसरायला होतं. नावनोंदणी आज आरतीनंतर कार्यालयाच्या खिडकीपाशी, आणि ज्यांची राहील त्यांची रविवारी मैदानावरसुद्धा घेऊ. गणपती बाप्पा मोरया.